ही पायरी कशावरून?

पूर्वी दिवेलागण झाली, देवापुढे निरांजन लागले आणि शुभंकरोती आटोपली, की घरोघरी पाढ्यांचा घोष सुरू होत असे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी अशी ती चढण मुले तालावर चढत आणि स्वयंपाकघरात भाकरी थापणारी आजी चुकलेला आकडा तिथूनच दुरुस्त करी. आता तो घोष राहिला नाही. मूल दार लोटून घेऊन टेबलाशी बसते, आत दिवा जळत असतो, आणि बाहेर आईवडील दबक्या आवाजात एकमेकांना सांगतात, "गृहपाठ चालला आहे." गृहपाठ या शब्दात 'गृह' आधी आहे आणि 'पाठ' नंतर. परंतु बीजगणित आणि त्यापुढचे कलनशास्त्र यांच्या गृहपाठात गृहाचा काही वाटा असू शकतो, हे आज फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही.

या सदराच्या एका वाचक भगिनींनी मध्यंतरी एक पत्र पाठविले. पत्रातील तक्रार थोडक्यात अशी : मुलगा अकरावीत आहे, हुशार आहे, गणिताची वही नेहमी पूर्ण असते, प्रत्येक उदाहरण पायरीपायरीने नेटके सोडविलेले असते, आणि तरीही परीक्षेत त्याच तऱ्हेचे उदाहरण आले की हा मुलगा कोरा कागद देऊन येतो. वही खरी मानावी की परीक्षा?

मला वाटते, दोन्ही खरी आहेत. वहीत पायऱ्या आहेत. त्या मुलाच्या नाहीत, एवढेच. आज मोबाईलवर अशी साधने आली आहेत की उदाहरणाचे छायाचित्र घेतले की क्षणार्धात उत्तर तर येतेच, शिवाय सगळ्या पायऱ्याही क्रमवार उमटतात. पूर्वी मुले मार्गदर्शकातून उत्तरे उतरवीत, त्याचीच ही पुढची आवृत्ती. फरक इतकाच, की मार्गदर्शकात नेमके आपले उदाहरण सापडेलच असे नसे. आता न सापडण्याची सोयच उरलेली नाही. पायऱ्या दाखवून उदाहरण सोडव, असे आम्ही शिक्षक वर्षानुवर्षे सांगत आलो. त्या पायऱ्याच आता फुकट मिळू लागल्या. मग शिकवायचे काय आणि तपासायचे काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी एक जुने उदाहरण घेऊ. भास्कराचार्यांनी शके १०७२ म्हणजे इसवी सन ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी 'सिद्धान्तशिरोमणी' रचला. 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे त्याचेच भाग. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख सांगतो, की त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. त्या लेखाचा काळ १२०७ चा. एका घराण्याची विद्या पुढच्या पिढ्यांना शिकविण्यासाठी उभी राहिलेली ही शाळाच होती.

तर या भास्कराचार्यांचे उदाहरण असे. रणांगणावर अर्जुनाने कर्णाचा वध करण्यासाठी काही बाण घेतले. त्यांपैकी निम्म्या बाणांनी त्याने कर्णाचे बाण अडविले. एकूण बाणांच्या वर्गमुळाच्या चौपट बाणांनी घोडे मारले. सहा बाणांनी शल्याला गाठले. तीन बाणांनी छत्र, ध्वज आणि धनुष्य छेदले आणि एका बाणाने कर्णाचे मस्तक उडविले. तर अर्जुनाने एकूण बाण किती घेतले होते?

वाचकहो, कागद-पेन्सिल जवळ घ्यावी. गणित सुटले नाही तरी बिघडत नाही. पुढच्या प्रत्येक ओळीपाशी मात्र थांबून "हे कशावरून?" असा प्रश्न विचारावा.

पहिली पायरी. बाणांच्या संख्येचे वर्गमूळ क्ष मानू. म्हणजे बाण झाले क्ष². कशावरून? बाणांनाच क्ष का मानले नाही? कारण उदाहरणात बाणांचे निम्मे आणि बाणांचे वर्गमूळ असे दोन्ही आले आहे. बाणांना क्ष म्हटले तर वर्गमुळाचे चिन्ह अखेरपर्यंत पायात घोटाळत राहील. वर्गमुळालाच क्ष म्हटले तर ते चिन्ह नाहीसे होते. ही पायरी हिशेबाची नाही, विचाराची आहे. मोबाईल ती लिहून देतो, पण ती का सुचली हे त्या मुलाला कळत नाही. मात्र येथेच आणखी एक गोष्ट मनाशी नोंदवून ठेवावी : क्ष हे बाणांच्या संख्येचे वर्गमूळ आहे, म्हणून ते ऋण असू शकत नाही.

दुसरी पायरी. निम्मे, अधिक चार क्ष, अधिक सहा, अधिक तीन, अधिक एक, हे सर्व मिळून पुन्हा क्ष² व्हायला हवेत. कशावरून? अर्जुनाने एकही बाण शिल्लक ठेवला नाही म्हणून. गोष्टीतले वाक्य येथे समीकरण बनले. सहा, तीन आणि एक मिळून दहा. तेव्हा, क्ष² = क्ष²/२ + ४क्ष + १०.

तिसरी पायरी. उजवीकडील निम्मे दोन्ही बाजूंतून वजा केले : क्ष²/२ = ४क्ष + १०. मग दोन्ही बाजू दुप्पट केल्या : क्ष² = ८क्ष + २०. कशावरून? तराजूच्या दोन्ही पारड्यांतून सारखेच काढले किंवा दोन्ही पारडी सारख्याच पटीने भरली, तर काटा हलत नाही. बाजारात भाजी तोलून घेणाऱ्या कोणाही बाईला हे तत्त्व ठाऊक आहे. पुस्तकात मात्र तेच "पद दुसऱ्या बाजूला नेले की चिन्ह बदलते" अशा मंत्राच्या रूपाने येते, आणि मंत्राचा अर्थ विचारायचा नसतो अशी मुलांची समजूत होऊन बसते.

चौथी पायरी. क्ष² − ८क्ष = २०. आता काय करावे? येथे श्रीधराचार्यांची रीत कामी येते. श्रीधराचार्य हे भास्कराचार्यांच्याही आधीचे. त्यांचा बीजगणितावरील मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. परंतु भास्कराचार्यांनी ही रीत त्यांच्या नावासह उद्धृत केली, म्हणून ती आपल्यापर्यंत पोचली. रीत अशी : क्ष² च्या सहगुणकाची चौपट करून तिने दोन्ही बाजूंना गुणावे, आणि मग मूळ समीकरणातील क्ष च्या सहगुणकाचा वर्ग दोन्ही बाजूंत मिळवावा. येथे क्ष² चा सहगुणक एक, म्हणून चारने गुणले : ४क्ष² − ३२क्ष = ८०. मग आठाचा वर्ग चौसष्ट दोन्हीकडे मिळविला : ४क्ष² − ३२क्ष + ६४ = १४४.

कशावरून? डावी बाजू आता (२क्ष − ८) चा पूर्ण वर्ग झाली म्हणून. आणि चारनेच का गुणायचे? शाळेतील नेहमीच्या रीतीत क्ष च्या सहगुणकाचे निम्मे करावे लागते. तो विषम असला की साडेतीन, साडेचार असे अपूर्णांक उपस्थित होतात आणि मुले तेथेच घसरतात. श्रीधराचार्यांनी आधीच चौपट करून अपूर्णांकांना वेशीबाहेर ठेवले.

पाचवी पायरी. (२क्ष − ८)² = १४४, म्हणून २क्ष − ८ = १२, आणि क्ष = १०. बाण शंभर. पडताळा पाहा : पन्नास, चाळीस, सहा, तीन, एक, बेरीज बरोबर शंभर.

येथे बहुतेक वह्यांत उत्तराखाली दोन रेघा ओढलेल्या आढळतात. परंतु खरी गंमत पुढेच आहे. वर्ग १४४ असलेली संख्या एकटी १२ नाही. −१२ सुद्धा आहे. मग २क्ष − ८ = −१२ घेतले तर क्ष = −२ येते, आणि बाण येतात चार. आता चार बाणांचा पडताळा घ्या. निम्मे झाले दोन. चाराचे वर्गमूळ दोन, त्याची चौपट आठ. चार बाण घेऊन निघालेल्या अर्जुनाने घोड्यांवरच आठ बाण कुठून सोडले? उत्तर कोसळले. ते कोठून शिरले? पहिल्या पायरीशी आपण मनाशी जी नोंद केली होती, ती समीकरणाला माहीत नव्हती. क्ष² लिहिल्याबरोबर क्ष धन की ऋण ही खूण पुसली गेली. समीकरण बिचारे आपल्याला जे सांगितले तेवढेच जाणते. उरलेले आपण लक्षात ठेवायचे असते.

भास्कराचार्यांनी 'बीजगणिता'त वानरांच्या दोन टोळ्यांची उदाहरणे देऊन हीच गोष्ट शिकविली आहे. पहिल्यात टोळीच्या अष्टमांशाचा वर्ग अधिक बारा म्हणजे सारी टोळी. उत्तरे ४८ आणि १६, आणि दोन्ही ग्राह्य. दुसऱ्यात टोळीच्या पंचमांशातून तीन वजा करून जो वर्ग येतो तितके वानर गुहेत गेले आणि एक फांदीवर दिसला. उत्तरे येतात ५० आणि ५. पैकी ५ हे त्यांनी नाकारले, कारण पाचाचा पंचमांश एक, आणि एका वानरातून तीन वानर वजा कसे करणार? सूत्र दोन्ही उत्तरे सारख्याच तटस्थपणे देते. निवड करणारा माणूसच लागतो, आणि ती निवड त्याला कारणासह करावी लागते.

अशा कारणाला आपल्या जुन्या गणितज्ञांनी फार सुंदर शब्द योजला होता : उपपत्ती. ज्या गणकाला उपपत्ती ठाऊक नाही त्याला जाणत्यांच्या सभेत प्रतिष्ठा मिळत नाही, अशा आशयाचे मत भास्कराचार्यांनी 'गोलाध्याया'त मांडले आहे. पुढे कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ साली 'लीलावती'वर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली, आणि तिचे मोल मुख्यतः तिच्यातील उपपत्तींमुळे मानले जाते. आपल्याकडील पंचांगांना पिढ्यानुपिढ्या आधार झालेल्या 'ग्रहलाघवा'चे कर्तेही तेच. सूत्र पाठ करणे म्हणजे गणित, असे आपल्या परंपरेचे म्हणणे होते, असा जो एक समज पसरला आहे, तो या ग्रंथांवर अन्याय करणारा आहे.

यावर कोणी म्हणेल, "थोर लोक कुठे पायऱ्या लिहीत होते? रामानुजनच्या वह्यांत नुसती उत्तरेच आहेत ना?" आक्षेप बिनतोड वाटतो खरा. १९१३ च्या जानेवारीत रामानुजनने मद्रासहून केंब्रिजच्या हार्डींना पत्र धाडले, त्यात सिद्धतेवाचून कितीतरी सूत्रे होती. परंतु पुढे काय घडले तेही पाहावे. रामानुजन १९२० मध्ये गेला. त्याच्या वह्यांतील सूत्रांच्या सिद्धता जुळवून ब्रूस बर्न्ट या अमेरिकी गणितज्ञाने जे पाच खंड प्रसिद्ध केले, त्यांतला पहिला १९८५ मध्ये निघाला आणि शेवटचा १९९८ मध्ये. एकाने न लिहिलेल्या पायऱ्या शोधण्यात इतरांची आयुष्ये खर्ची पडली. पायरी ही आपल्यासाठी नसते. मागून येणाऱ्याला चढता यावे म्हणून ती बांधायची असते. आणि परीक्षेच्या दिवशी मागून येणारा तो दुसरा माणूस म्हणजे बहुधा आपण स्वतःच असतो.

आता कलनशास्त्राकडे वळू. आमच्या बेळगावच्या कॅम्प भागात मराठी, कानडी, उर्दू, कोकणी आणि इंग्रजी या भाषा एकाच रस्त्यावर ऐकू येतात. येथले मराठी माध्यमाचे मूल दहावीपर्यंत वर्गसमीकरण, सहगुणक, मूळ हे शब्द वापरते, आणि पीयूसीच्या पहिल्या वर्षी विज्ञान शाखेत पाऊल टाकताच तेच सारे क्वाड्रॅटिक इक्वेशन, कोइफिशंट आणि रूट होऊन समोर येते. निपाणीच्या मुलाची गत निराळी नाही. त्यात पहिल्याच वर्षी लिमिट आणि डेरिव्हेटिव्ह ही अगदी नवी प्रकरणे. ओळखीच्या वस्तूंची नावे बदललेली, आणि नव्या वस्तूंना ओळखीचे नावच नाही, अशा दुहेरी कात्रीत ते मूल सापडते. मग ते अर्थाचा नाद सोडून रीत तेवढी पाठ करते.

शेजारच्या गल्लीतला असाच एक मुलगा एका संध्याकाळी वही घेऊन आला होता. क्ष² चे विकलन २क्ष, असे त्याने झटकन लिहिले.

"कशावरून रे?" मी विचारले.

"घात पुढं आणायचा आणि घातातून एक वजा करायचा, सर. असंच करायचं असतंय."

"कोणी सांगितलं, असंच करायचं असतं म्हणून?"

"सगळेच तसं करतात की, सर."

त्याला मी कागदावर एक चौरस अंगण काढायला सांगितले. अंगणाची बाजू क्ष, क्षेत्रफळ क्ष². आता बाजू थोडीशी वाढवू. वाढ ह एवढी. अंगण किती वाढले? त्याने आकृती काढली आणि स्वतःच दाखविले : दोन बाजूंना दोन लांबट पट्ट्या, प्रत्येक क्ष गुणिले ह; आणि कोपऱ्यात एक चिमुकला चौकोन, ह². एकूण वाढ २क्षह + ह². मग बाजूच्या दर एककामागे वाढ किती? ह ने भागले : २क्ष + ह. ह लहान लहान होत शून्याकडे सरकू लागला, की कोपऱ्यातला चौकोन विरून जातो आणि उरते २क्ष. बाजू दहा फूट असताना ती इंचाचा शंभरावा भाग जरी सरकली, तरी अंगण जवळजवळ त्याच्या वीस पटीच्या दराने वाढणार. त्या २क्ष मधला दोन कोठून आला? दोन पट्ट्यांतून. पाठ केलेल्या रीतीला आता चेहरा आला.

मुलगा आकृतीकडे पाहत राहिला आणि मग हळूच म्हणाला, "सर, पण ह ने भागलंय म्हणजे ह शून्य नव्हता. मग शेवटी शून्य कसा केला?"

मला विलक्षण आनंद झाला. कारण हा प्रश्न कॅम्पातल्या त्या पोराचा एकट्याचा नव्हता. न्यूटन आणि लायब्निट्स यांनी उभारलेल्या कलनशास्त्रावर आयर्लंडचे बिशप जॉर्ज बर्कली यांनी १७३४ साली नेमका हाच आक्षेप घेतला होता. भागताना ती राशी आहे म्हणता आणि टाकताना ती नाही म्हणता, हा न्याय कुठला, असे त्यांचे विचारणे होते. याचे नीट उत्तर देण्याच्या दिशेने मोठे पाऊल पडले ते फ्रान्सच्या कोशी यांच्या १८२१ च्या ग्रंथात. तेथे सीमेची कल्पना पायाशी बसविली गेली. ह शून्य कधी होतच नाही. तो शून्याच्या हवा तितका जवळ नेता येतो, आणि तसे केले की २क्ष + ह ही राशी २क्ष च्या हवी तितकी जवळ येते. म्हणून २क्ष ही सीमा. आक्षेप आणि उत्तर यांत सत्त्याऐंशी वर्षे गेली. जो प्रश्न युरोपातील पंडितांना इतका काळ पुरला, तो आपल्या मुलाला पडला तर त्याला मंद समजावे की शहाणे?

आणखी एक गोष्ट त्याला मी मुद्दाम सांगितली, ती वाचकांनाही सांगतो. कलनशास्त्राच्या वाटेवरची काही महत्त्वाची पावले केरळातील माधवाचार्य आणि त्यांच्या शिष्यपरंपरेने युरोपच्या आधीच टाकली होती. त्या परंपरेतील ज्येष्ठदेव यांनी सुमारे १५३० च्या सुमारास 'युक्तिभाषा' हा ग्रंथ लिहिला. अनंत श्रेढींच्या सिद्धता त्यात पायरीपायरीने दिल्या आहेत, आणि त्या संस्कृतात नव्हेत, तर मलयाळममध्ये. विद्वानांची भाषा हाताशी असताना त्यांनी कारणे सांगण्यासाठी घरची भाषा निवडली. सूत्र कोणत्याही भाषेत पाठ होते; कारण मात्र मनाच्या भाषेतच उमगते.

हेच सूत्र धरून आता महाराष्ट्राबाहेरच्या दोन मराठी घरांकडे पाहू. जयंत नारळीकर यांचा जन्म १९३८ चा, कोल्हापूरचा. पण बालपण गेले काशीत. वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक, आई सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार. बाहेर हिंदी, घरात मराठी. मामा मोरेश्वर हुजूरबाजार शिक्षणासाठी त्यांच्याकडे राहावयास आले, तेव्हा घरातील फळ्यावर ते भाच्यासाठी आव्हान म्हणून एखादे उदाहरण लिहून ठेवीत. ते सुटेपर्यंत, किंवा भाचा हार मानीपर्यंत, फळा पुसला जात नसे. ही आठवण नारळीकरांनी स्वतः सांगितली आहे. 'चार नगरांतले माझे विश्व' या त्यांच्या आत्मचरित्राला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. पुढे केंब्रिजचे रँग्लर आणि जगन्मान्य खगोलशास्त्रज्ञ झालेले नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात आपल्यातून गेले. मामांनी त्या फळ्यावर उत्तर लिहिले नाही, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते.

दुसरे घर ग्वाल्हेरचे. श्रीराम अभ्यंकर यांचा जन्म १९३० मध्ये उज्जैनचा, वडील शंकर केशव अभ्यंकर गणिताचे प्राध्यापक. श्रीराम अभ्यंकर पुढे अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात बैजिक भूमितीचे अग्रगण्य संशोधक झाले. १९७६ मध्ये त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापिले. आयुष्यभर अत्युच्च गणित करूनही शाळेतल्या बीजगणिताचा त्यांना अभिमान होता. त्या साध्या, हाताने करावयाच्या बीजगणितात केवढे सामर्थ्य आहे हे ते जगभरच्या गणितज्ञांना सांगत आणि तसे सांगताना श्रीधराचार्यांचे व भास्कराचार्यांचे नाव घेत. २०१२ मध्ये ते निवर्तले. आपण वर अर्जुनाचे बाण मोजण्यासाठी ज्या रीतीचा आधार घेतला, तिच्याविषयी इतका थोर माणूस अखेरपर्यंत कृतज्ञ होता.

यावर पत्र पाठविणाऱ्या भगिनी म्हणतील, "त्या घरांत प्राध्यापक होते. आमच्या घरी कोणाला हे येते?" शंका अगदी रास्त आहे. पण नीट पाहिले तर येण्याची गरजच नाही. "ही पायरी कशावरून?" एवढा प्रश्न विचारायला कोणतेही शिक्षण लागत नाही. किंबहुना ज्याला गणित येते तो पालक फार लवकर पेन्सिल हातात घेतो, आणि मुलाचे बोलणे तेथेच संपते. ज्या आईला ते येत नाही तिला मुलाने समजावून सांगावे लागते, आणि समजावताना त्याचे त्यालाच उमगते की आपण कुठे अडखळतो. न जाणणारा श्रोता हा गणिताच्या विद्यार्थ्याला मिळालेला मोठाच लाभ आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. गृहपाठ पूर्ण झाल्यावर वहीतले कोणतेही एकच उदाहरण घ्यावे. सगळी नकोत, एक पुरे. मूल मोबाईल बाजूला ठेवील आणि त्या उदाहरणाची प्रत्येक पायरी घरातील कोणालाही मराठीत सांगेल. आजी असेल तर आजीला, धाकटी बहीण असेल तर तिला. क्वाड्रॅटिक हा शब्द त्याने खुशाल वापरावा. इंग्रजी शब्दांचा विटाळ मानण्याचे कारण नाही, उद्या त्याला त्याच शब्दांत परीक्षा द्यायची आहे. परंतु 'म्हणून', 'कारण', 'जर', 'तरच', 'एरवी नाही' हे शब्द मात्र मराठी असावेत. गणिताची इमारत क्ष आणि य यांच्यावर उभी नसते. ती या लहान लहान अव्ययांवर उभी असते. जो मुलगा आईला "तरच" आणि "तरीसुद्धा" यांतला फरक समजावून देऊ शकतो, तो तोच फरक इंग्रजीत ओळखायला चुकणार नाही.

ज्या पायरीपाशी तो "असंच असतं" म्हणेल, तिथे पेन्सिलीने एक बारीक खूण करावी आणि त्याला रागावू नये. ती खूण म्हणजे दुसऱ्या दिवशी शिक्षकांना विचारायचा प्रश्न. आमच्यासारख्या शिक्षकांना सगळी वही बरोबर असण्यापेक्षा अशा चार खुणा असलेली वही अधिक उपयोगाची असते, कारण कुठून शिकवायचे हे ती आम्हाला सांगते. मोबाईलवर पायऱ्या पाहिल्या तरी हरकत नाही. अर्थ विचारूनच त्या पाहाव्या, एवढे पथ्य. आणि शेवटी पडताळा घेतल्यावाचून वही मिटू नये. चार बाणांचा अर्जुन पडताळ्यातच पकडला गेला, हे स्मरावे.

आपण महाराष्ट्राबाहेर राहणारी माणसे भाषेविषयी फार बोलतो. मराठी जगावी म्हणून गणेशोत्सवात व्याख्याने ठेवतो, वाचनालये चालवितो, आणि ते सारे आवश्यकच आहे. परंतु जी भाषा केवळ सणासुदीला आणि स्वयंपाकघरात उरते, ती हळूहळू जिभेपुरती उरते. ज्या भाषेत मूल वाद घालते, कारण देते, आपले म्हणणे सिद्ध करते, ती भाषा डोक्यात राहते. बीजगणिताचे एक उदाहरण रोज मराठीतून समजावून सांगणारे मूल आपले गणितही सांभाळील आणि आपली मराठीही, आणि त्यासाठी कोणाला वर्गणी काढावी लागणार नाही.

पत्र पाठविणाऱ्या भगिनींना तेव्हा एवढेच सुचवितो : आज रात्री जेवणे आटोपल्यावर मुलाला अर्जुनाच्या बाणांची ही गोष्ट सांगा आणि उत्तर सांगू नका. तो पहिल्या पायरीला बाणांना क्ष मानतो की त्यांच्या वर्गमुळाला, हे पाहा. काहीही मानो, त्याला विचारा, "कशावरून?" मग त्याचे बोलणे संपेपर्यंत स्वस्थ ऐका. पुढच्या परीक्षेतील गुण किती वाढतील हे मी सांगू शकत नाही, परंतु कोरा कागद यायचा नाही, अशी माझी खात्री आहे.